इंजिनाचा ताप मोजणारा मणी

एखादा थर्मामीटर बिघडला आहे आणि काहीही केले तरी तो ९५ अंश फॅरनहाइटच दाखवतो, अशी कल्पना करा. दवाखान्यात आलेल्या धडधाकट माणसाच्या तोंडात तो ठेवला, तर अंग गार पडले आहे असे समजून डॉक्टर त्याला पांघरुणे घालतील, गरम पेये पाजतील. उपचार चुकीचा, पण डॉक्टरांचा तर्क मात्र बरोबर. चुकले ते मोजमाप.

जुन्या मोटारगाडीत असा प्रकार वरचेवर घडतो. इंजिन ठणठणीत असते, इंधनाचे प्रमाण ठरवणारा गाडीतला संगणकही ठीक असतो. पण त्या दोघांमधला बोटभर लांबीचा एक संवेदक, ज्याला गॅरेजात सरसकट ‘सेन्सर’ म्हणतात, चुकीची खबर देऊ लागतो. गाडी काळा धूर सोडते, अ‍ॅव्हरेज घसरते आणि मालक एकामागून एक सुटे भाग बदलत राहतो. ओहमचा नियम, साधा मल्टिमीटर आणि किटलीभर उकळते पाणी एवढ्या सामग्रीवर हा संवेदक तपासता येतो. तो कसा, आणि त्यामागची कारणे कोणती, हे या लेखात पाहू.

चोक ओढणारा हात

१ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पण जळते ती पेट्रोलची वाफ. इंजिन गार असले की फवारलेल्या पेट्रोलचा काही भाग नळीच्या आणि सिलिंडरच्या गार भिंतींवर द्रवरूपातच चिकटून राहतो. वाफ कमी पडते आणि ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. म्हणून गार इंजिनाला सुरुवातीला जास्तीचे पेट्रोल द्यावे लागते आणि इंजिन तापत जाईल तसे ते कमी करत न्यावे लागते.

अ‍ॅम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवलेल्यांना चोकची मूठ आठवत असेल. थंडीच्या सकाळी ती बाहेर ओढायची आणि गाडी तापली की आत ढकलायची. म्हणजे इंजिन गार आहे हे ओळखणारा संवेदक आणि मिश्रण बदलणारे यंत्र, ही दोन्ही कामे चालकच करत असे.

ही व्यवस्था बदलली ती मुख्यतः हवेच्या प्रदूषणामुळे. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसवणे सक्तीचे झाले. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही घटकांचा बंदोबस्त करणारा परिवर्तक उत्तम काम करतो तो हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ च्या अगदी जवळ असेल तेव्हाच. कार्बुरेटरला इतकी अचूकता साधत नाही. १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे कडक निकष लागू झाले आणि त्या सुमारास एमपीएफआय पद्धतीची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र फवारा देणारी इंजिने सर्वत्र दिसू लागली. फवारा किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू नावाचा संगणक ठरवतो. चोकची मूठ गेली आणि इंजिनाचा ताप पाहण्याचे काम एका मण्याकडे आले.

तापला की रोध घटतो

हा मणी म्हणजे थर्मिस्टर. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची भुकटी भाजून तो तयार करतात. पितळेच्या किंवा प्लॅस्टिकच्या आवरणात तो बंद असतो आणि आवरणाचे टोक इंजिनाभोवती खेळणाऱ्या कूलंटमध्ये बुडालेले असते.

तांब्याची तार तापवली तर तिचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. तारेत मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या तीच राहते, पण अणूंची थरथर वाढल्यामुळे त्यांच्या वाटेत अडथळे वाढतात. थर्मिस्टर अर्धवाहक आहे. त्यात मोकळे वीजवाहक मुळातच थोडे असतात; उष्णता मिळाली की त्यांची हालचाल शक्य होते आणि वीज वाहणे सोपे जाते. त्यामुळे नेहमीच्या तापमानाला त्याचा रोध दर अंशाला सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. तापल्यावर रोध कमी होतो, ही गोष्ट मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना पाहिली होती.

मोटारगाड्यांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित प्रकारच्या संवेदकाचे अंदाजे आकडे असे असतात:

० अंश सेल्सिअस – ५,९०० ओहम
२० अंश – २,५०० ओहम
४० अंश – १,१७० ओहम
६० अंश – ६०० ओहम
८० अंश – ३२० ओहम
१०० अंश – १९० ओहम

सगळ्या गाड्यांचे आकडे हेच नसतात. आपल्या गाडीचे आकडे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावेत. आलेखाचे वळण मात्र सगळीकडे असेच असते.

ईसीयू रोध थेट मोजत नाही. त्याच्या आत एक ठरावीक रोध असतो आणि थर्मिस्टर त्याच्याशी एकसर जोडणीत असतो. दोघांवर मिळून ५ व्होल्ट विभवांतर दिलेले असते. त्यातला थर्मिस्टरच्या वाट्याला आलेला भाग ईसीयू वाचतो. आतला रोध २,२०० ओहम धरू. २० अंशाला थर्मिस्टरवर ५ गुणिले २,५०० भागिले ४,७००, म्हणजे २.६६ व्होल्ट येतील. ८० अंशाला ५ गुणिले ३२० भागिले २,५२०, म्हणजे सुमारे ०.६३ व्होल्ट. व्होल्ट कमी तितके इंजिन गरम, हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे सोपे जाते.

आता वायर तुटली तर काय होईल? धारा थांबेल, ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतील आणि इंजिन उणे ४० अंशांपर्यंत गोठले आहे असा अर्थ निघेल. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट, म्हणजे इंजिन भलतेच तापले आहे असा अर्थ. मराठवाड्यात गाडी उणे ४० अंशांत उभी असणे शक्य नाही, हे ईसीयूच्या रचनाकारांनाही ठाऊक असते. अशा अशक्य आकड्यांवर तो विश्वास ठेवत नाही, स्वतःकडचा एखादा ठोकळ आकडा धरून गाडी चालू ठेवतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लावतो. सामाईक पद्धतीच्या बिघाड-संकेतांत पी-०११८ म्हणजे या मंडलात विभवांतर फार जास्त आणि पी-०११७ म्हणजे फार कमी. पी-०११८ चा अर्थ ‘इंजिन जास्त तापले’ असा करणारे पुष्कळ भेटतात. वरचे गणित समजलेला विद्यार्थी तसे करणार नाही.

अडचण येते ती शक्य कोटीतल्या खोट्या आकड्यामुळे. ३५ अंश हा आकडा ईसीयूला अगदी पटण्यासारखा असतो. तो दिवा लावत नाही आणि इंजिन अजून तापायचे आहे असे धरून जास्तीचे पेट्रोल देत राहतो.

एका गाडीची तपासणी

आमच्या वसाहतीतल्या एका माध्यमिक शिक्षकांची पेट्रोल गाडी २००६ सालची आहे. शाळा पैठण रस्त्यावर, जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर. गेल्या हिवाळ्यात लिटरला १५ किलोमीटर देणारी ही गाडी ११ वर आली. सकाळी ती बिनतक्रार सुरू होई. पण दुपारी गरम असताना बंद करून पुन्हा सुरू करायला गेले की कुरकुर करी. प्लगांवर काजळी धरत होती. दिवा मात्र लागत नव्हता. एका गॅरेजात सेन्सर गार असताना मोजून ‘चांगला आहे’ असे सांगण्यात आले आणि ईसीयू बदलण्याचा सल्ला मिळाला. सेन्सर काही शे रुपयांना मिळतो, ईसीयूचा खर्च पाच आकडी. महिन्याच्या पगारातून तो काढायचा, तर आधी खात्री हवी.

अशा वेळी संशयितांची यादी करावी आणि प्रत्येकाबद्दल ‘हा दोषी असेल तर आणखी काय दिसेल’ असे विचारावे. पहिला संशयित थर्मोस्टॅट. ही झडप उघडीच अडकली तर इंजिन खरोखरच गार राहते. पण मग डॅशबोर्डवरचा काटाही खाली राहिला पाहिजे. इथे काटा मध्यावर येत होता. पुष्कळ जुन्या गाड्यांत काट्यासाठी एक आणि ईसीयूसाठी दुसरा असे दोन स्वतंत्र संवेदक असतात. म्हणूनच काटा बरोबर असूनही ईसीयूची फसगत होऊ शकते. दुसरा संशयित हवेचा फिल्टर. तो काढून पाहिला, स्वच्छ होता. उरले तिघे: संवेदक, त्याच्या वायरी आणि ईसीयू.

सकाळी हवेचे तापमान २२ अंश असताना प्लग सोडवून संवेदकाच्या दोन टोकांमधला रोध मोजला. तो २,३०० च्या आसपास अपेक्षित होता, निघाला २,६००. तीन अंशांचीच चूक. म्हणजे गॅरेजातले मोजमाप खोटे नव्हते. मग गाडी अर्धा तास चालवून आणली, इंजिन बंद केले आणि पुन्हा मोजले. ३२० च्या जवळपास हवे होते, निघाले १,४००. वरचा तक्ता पाहिला तर हे सुमारे ३५ अंशांचे मूल्य आहे. तापल्यावर मण्याशी असलेला आतला सांधा ढिला पडावा, तसे हे वागणे होते. गार असताना जवळजवळ खरे आणि गरम असताना साफ खोटे. एकाच तापमानाला मोजून संवेदक निर्दोष ठरवता येत नाही, हा यातला महत्त्वाचा मुद्दा.

तरीही ईसीयू निर्दोष आहे हे अजून सिद्ध झालेले नव्हते. त्यासाठी सोपा प्रयोग केला. चावी फिरवून, संवेदकापासून सुटलेल्या प्लगवर विभवांतर मोजले. ५ व्होल्ट मिळाले. म्हणजे वायरी अखंड होत्या. मग बाजारात रुपया-दोन रुपयांना मिळणारा ३३० ओहमचा रोध त्या प्लगमध्ये खोचला. ईसीयूला आता संवेदकाच्या जागी ८० अंशांचे इंजिन दिसणार होते. गरम इंजिन सुरू केले, तर ते लगेच पेटले आणि त्याची कुरकुर थांबली. खरी माहिती मिळताच ईसीयू योग्य वागला. बिघाड संवेदकातच होता.

प्लगांच्या गंजाबद्दलही इथे सांगायला हवे. समजा, संवेदक उत्तम आहे, पण प्लगच्या पिना हिरव्या पडून त्यांनी २,२०० ओहमचा जादा रोध निर्माण केला आहे. २० अंशाला ईसीयूला ४,७०० ओहम, म्हणजे सुमारे ५ अंश दिसतील. चूक १५ अंशांची. पण ८० अंशाला ३२० अधिक २,२०० मिळून २,५२० ओहम, म्हणजे सुमारे २० अंश दिसतील! चूक ६० अंशांची. अशा गाडीत नवा संवेदक बसवूनही काहीच फरक पडणार नाही. पिना घासून साफ केल्या की काम होईल. बिघाड-संकेत मंडलाचे नाव सांगतो, दोषी भागाचे नाही, ते याच कारणामुळे.

दुर्लक्ष केले तर

इंजिन गार आहे असे ईसीयूला वाटत असते तोवर तो धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन संवेदकाचा सल्ला घेत नाही. त्यामुळे मिश्रण सुधारण्याचा दुसरा मार्गही बंद होतो. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल धुऊन काढते आणि खालच्या तेलात उतरून ते पातळ करते. न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन तिथे जळते. त्याची जाळी जास्त तापून वितळू शकते. आणि कार्बन मोनॉक्साइड रस्त्यावरच्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या अशा गाडीचा धूर मुलांच्या नाकाच्या उंचीवरच सोडला जातो.

संवेदक बदलताना

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय या कामाला हात लावू नये. रेडिएटरच्या झाकणाखाली दाब असतो आणि त्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांपुढेही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, पाण्याची वाफ होऊन ती अंगावर उसळते आणि गंभीर भाजते.

नवा संवेदक बसवण्याआधी तपासून घ्यावा. खोलीच्या तापमानाला एकदा आणि उकळत्या पाण्यात एकदा त्याचा रोध मोजावा. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांना उकळते, हे तक्त्याशी ताडताना लक्षात ठेवावे. टोक पाण्यात बुडवावे, पिना कोरड्या ठेवाव्यात. त्या शिक्षकांचा जुना संवेदक उकळत्या पाण्यात १,३०० ओहम दाखवत होता, नवा २०० दाखवत होता.

बॅटरीची ऋण तार सोडवावी, झाकण उघडून उरलासुरला दाब जाऊ द्यावा आणि खाली भांडे ठेवून जुना संवेदक काढावा. कूलंट विषारी आणि चवीला गोडसर असते. ते मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे. नवा वॉशर किंवा रबरी कडे घालून नवा संवेदक आधी हातानेच आटे बसवत फिरवावा, शेवटी पान्याने बेताचा आवळावा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे जोर लावल्याने लगेच खराब होतात. एकाच वायरीचा संवेदक असेल तर त्याच्या आट्यांना टेप गुंडाळू नये, कारण तिथे धारा इंजिनाच्या धातूतूनच परत जाते. मग कूलंट भरावे, आतली हवा काढावी आणि इंजिन तापवून पंखा वेळेवर सुरू होतो का ते पाहावे.

कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरण्याची सवय आपल्या भागात पुष्कळांना आहे. बसाल्टच्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा जास्त असतात. त्यांचा थर संवेदकाच्या टोकावर बसला की उष्णता आत पोचायला वेळ लागतो. पुस्तिकेत सांगितलेले कूलंट शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळून वापरावे.

आणखी दोन सूचना. रोध नेहमी प्लग सोडवूनच मोजावा. आणि रोध खोचण्याचा प्रयोग दोन वायरींच्या तापमान-संवेदकापुरताच करावा; तीन वायरींच्या संवेदकांना किंवा एअरबॅगच्या पिवळ्या प्लगांना हात लावू नये.

वर्गासाठी

गाडी नसली तरी हा प्रयोग शाळेत करता येतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात २५ अंशांना १० हजार ओहम रोध असलेला थर्मिस्टरचा मणी अगदी स्वस्तात मिळतो. त्याच्या तारांना पाणी लागणार नाही अशी व्यवस्था करावी. बर्फाचे पाणी, साधे पाणी, कोमट पाणी आणि उकळते पाणी यांत तो ठेवून विद्यार्थ्यांनी तापमान आणि रोध यांचा आलेख काढावा. उकळत्या पाण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. नववी-दहावीच्या मुलांना वक्ररेषा मिळेल. बारावीच्या मुलांनी केल्व्हिन तापमानाचा व्यस्तांक आणि रोधाचा नैसर्गिक लॉगरिथम घेतला, तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतील. लेखातल्या तक्त्यातले २० आणि ८० अंशांचे आकडे घेऊन या रेषेचा चढ काढला तर तो सुमारे ३,५०० येतो. मुलांनी तो पडताळून पाहावा.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, शेंद्र्याला स्कोडाचा २००१ मध्ये, आणि त्यांच्या आधाराने सुटे भाग बनवणारे अनेक उद्योग इथे वाढले. वर्गातल्या कित्येक मुलांचे आईवडील, काका-मामा अशा ठिकाणी किंवा गॅरेजात काम करतात. त्यांच्यापैकी कोणाकडून एखादा टाकून दिलेला सेन्सर मागून आणायला मुलांना सांगावे. तो खरोखरच बिघडलेला होता का, की उगाच बदलला गेला, हे त्यांनी गार आणि गरम अशा दोन्ही पाण्यांत मोजून ठरवावे आणि आपला निष्कर्ष आकड्यांसह वहीत लिहावा.